विल्फच्या शेजारची जागा

झ्वानेबेके, ९ डिसेंबर १९९६

प्रिय गोडलीव्ह,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र ऑगस्टात आलं, तेव्हापासून ते कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलंय. रोज सकाळी डबा उघडायला गेलो की ते माझ्याकडे बघतं आणि मी दुसरीकडे बघतो. आधी खोकला होता. मग बटाटे काढायचे होते. मग छपरातून पाणी यायला लागलं. फोन करावा म्हटलं तर तुला एका कानाने ऐकू येत नाही, आणि मला फोन हातात घेतला की काही सुचत नाही. तेव्हा पत्रच बरं. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, अक्षर तेव्हापासून तसंच आहे, समजून घे.

इथे धुकं आहे. नदीकाठची जवसाच्या धाग्याची शेवटची गिरणी पाडली. तुला आठवतं, उन्हाळ्यात नदीत जवस कुजत घातलं की सगळ्या गावाला कसला वास सुटायचा? पावाला वास, उशीला वास, पाद्रीबाबांच्या झग्याला वास. आपण नाक दाबून शाळेत जायचो. आता नदी इतकी स्वच्छ आहे की लोक गळ टाकून बसतात. मी काठावर उभा राहतो आणि श्वास घेतो, तर काहीच येत नाही. गिरणीतल्या त्या धुळीने बाबांचा जीव घेतला, तरी मला तो वास हवासा वाटतो. म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय.

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, चर्चच्या अंगणात कबरींपाशी गर्दी होती. मी आदल्या दिवशीच जाऊन विल्फचा दगड धुतला, मग बाकीच्या सहा जणांचेही धुतले. युद्धानंतर प्रत्येक घराने त्या इंग्रज सैनिकांतला एकेक पोरगा वाटून घेतला होता, आठवतं ना? बेकरीवाल्या मारीचा तो लाल केसांचा, लोहाराकडे तो मोठा सार्जंट, आणि विल्फ आपला. आता मारी गेली, लोहार गेला. सांभाळणाऱ्यांतला मी एकटाच उरलोय. सैनिकांच्या कबरींचा सरकारी माळी रोजेर येतो, पण त्याला आणखी किती गावं बघायची असतात. शिवाय तो मला रागावतो. "अशिल, ते गुलाब मी लावलेत. तुम्ही कात्री खिशात ठेवा आणि हात त्याच्यावर ठेवा." मी म्हटलं, "तुझा बाप रांगत होता तेव्हापासून मी इथे गवत कापतोय." तर म्हणतो, "तेच तर दिसतंय, अजून वाकडंच कापता."

बाकी सगळं बरं आहे. तुझ्या गुडघ्यांना जप. तिकडे बर्फ पडला असेल.

आईची कबरही ठीक आहे.

तुझा भाऊ,
अशिल

ऑन्टारिओ, ३ जानेवारी १९९७

प्रिय अशिल,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा, आणि आता खरं काय ते सांग.

चार पानं लिहिलीस. नदी, गिरणी, रोजेर, त्याचे गुलाब, माझे गुडघे. आईबद्दल एक ओळ, तीही सगळ्यात खाली, सहीच्या डोक्यावर. "ठीक आहे." अरे, कबर ठीक नसायला ती काय आजारी पडते? लहानपणी तू शेजारच्यांची काच फोडलीस तेव्हा घरी येऊन आधी हवेबद्दल बोलत बसला होतास. आईने पायातला लाकडी बूट काढला तेव्हा कुठे तू काचेवर आलास. मी इतक्या लांबून बूट फेकू शकत नाही, तेव्हा आपण होऊन सांग.

इथे माझ्या मौरिट्सला जाऊन आता पाचवा हिवाळा. तंबाखू वाळवायची घरं रिकामी पडलीत. मुलगा म्हणतो, आता तंबाखूत काही राहिलं नाही, जिनसेंग लावूया, औषधासाठी चिनी लोक घेतात. लावा म्हटलं. माझे बाबा जवसात गेले, नवरा तंबाखूत गेला, तू जिनसेंगमध्ये जा. तर हसला. त्याला आपली भाषा कळते, आपली चेष्टा कळत नाही.

रात्री मला अजून आपलं स्वयंपाकघर दिसतं. चुलीवर ताकातली लापशी, खिडकीत आईची कात्री, रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की ती कात्री घेऊन तडक त्या पोरांकडे जायची. आपण दोघं भुकेने कळवळत दारात. आधी विल्फच्या गवताची दाढी करायची, मग आपलं जेवण. तिचेच शब्द.

सांग लवकर. चांगलं असो, वाईट असो.

गोडलीव्ह

झ्वानेबेके, १९ जानेवारी १९९७

प्रिय गोडलीव्ह,

तुझं पत्र मिळालं. बरं, सांगतो. आधी बसून घे.

आईच्या कबरीची मुदत संपली. जागा तीस वर्षांसाठीच घेतलेली होती. मला वाटत होतं अजून आहेत काही वर्षं, कारण माझ्या मनात आई अजून परवा परवा गेलेली आहे. मुदत संपत आली की कचेरीतला माणूस कबरीपुढे एक छोटी पाटी रोवून जातो. सर्व संतांच्या सुमाराला रोवतात, कारण तेव्हा सगळेच येतात, मग कुणी म्हणू नये की दिसली नाही. आणि वर्षभर तशीच ठेवतात.

मला दिसली नाही. म्हणजे दिसली, पण काठीवरचं ते पिवळं कार्ड बघून मला वाटलं, रोजेरने गुलाबाच्या नावाची खूण लावली असेल. तो अशा खुणा लावतो. आईची कबर सैनिकांच्या रांगेला लागून, विल्फच्या अगदी शेजारी, म्हणजे त्याच्याच वाफ्याच्या टोकाला. मी मनात म्हटलं, बघा, आता आईच्या पुढेही गुलाब लावणार. बरंच झालं. आणि शेवंतीची मोठी कुंडी नेमकी त्याच्यापुढे ठेवली. शेवंती गेली तेव्हा तिथेच जिरेनियम ठेवलं. वर्षभर मी ती पाटी माझ्याच हाताने झाकली.

या नोव्हेंबरात नवी कुंडी घेऊन गेलो तर शाळेतल्या बाई, इव्होन, म्हणाल्या, "अशिल, तुमच्या आईचीही आली का वेळ?" तेव्हा मी चष्मा पुसून वाचलं.

दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. तिथे आता चांभाराचा नोएल बसतो. मी म्हटलं, "नोएल, मुदत वाढवून दे."

"चर्चच्या अंगणात आता कुणालाच वाढ नाही, अशिल. अंगण बंद करतोय. पाटी होती की वर्षभर."

"शेवंतीमागे होती."

"सगळ्यांच्या पाट्या शेवंतीमागेच असतात. माझ्या आत्याचीही होती. घरात चार महिने कुणी माझ्याशी बोललं नाही."

"आणि सैनिक?"

"ते राहणार. त्यांना मुदत नसते. दोन देशांचा करार आहे, मी कोण?"

मला राग आला. मी म्हटलं, "म्हणजे परकी पोरं राहणार, आणि ज्या बाईने त्यांना आंघोळ घालून पुरलं ती जाणार?"

नोएलने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आरडाओरडा करू नका, आत महापौर आहेत. बसा. कॉफी घेता?"

मग त्याने नीट समजावलं. एक तर आईला उकरून नव्या दफनभूमीत न्यायचं. ती गावाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या चौकापलीकडे. तिथे लहानसा दगड मिळेल, त्यावर नाव. दुसरं म्हणजे ती आहे तिथेच राहील. सैनिकांच्या रांगेजवळ ते खणत नाहीत. फक्त वरचा दगड काढतील, जमीन सारखी करतील आणि गवत पेरतील. नाव राहणार नाही. एप्रिलअखेर सांगायचं आहे.

मला झोप येत नाही. आईला नेमकी तिथेच जागा हवी होती, हे तुला माहीत आहे. पण नाव नसलेली आई मला सहन होईल का? तूच सांग. तू नेहमी ठाम असतेस.

अशिल

ऑन्टारिओ, ८ फेब्रुवारी १९९७

अशिल,

तिला हलव.

यात विचार करण्यासारखं काय आहे? नव्या जागेत दगड, दगडावर नाव, शेजारी उद्या तू. चौकापलीकडे असली तर असू दे, आईला गाड्यांचा आवाज त्रास देणार नाही.

आणि तू "हवी होती जागा" म्हणतोस त्यावर आता मी बोलते, इतकी वर्षं बोलले नाही. त्या इंग्रजांनी आपली आई पुरेशी घेतली. युद्धात जखमी होऊन विल्फ आपल्या टेबलावर मेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. तू वर माळ्यावर होतास, मी खाली पाणी तापवत होते. तो आईचा हात सोडत नव्हता. मला त्याची कीव आली, अजून येते. पण त्यानंतर आपल्या घरात तिसरं मूल आलं आणि ते कधी मोठं झालं नाही. त्याला सर्दी होत नाही, ते उलट बोलत नाही, घर सोडून जात नाही. त्याच्याशी मी काय स्पर्धा करणार होते?

एक्कावन्न साली मी निघाले तो दिवस आठव. अँटवर्पच्या धक्क्यावर बाकीच्यांच्या आया होत्या. रडत होत्या, ओरडत होत्या, कुणी डेकवर सॉसेजची पिशवी फेकली ती पाण्यात पडली. आणि माझ्यासाठी तू एकटा, बाबांची टोपी घालून. आईला यायला जमलं नाही, कारण विल्फची आई इंग्लंडहून त्याच दिवशी येणार होती. पाहुण्यांना सोडून कसं यायचं!

मी परत आले तेव्हा आई गेलेली होती. तेव्हाही तू मला स्टेशनवरून आधी तिकडेच नेलंस, आणि मी बघितलं तर ती त्याच्या शेजारी. मनात म्हटलं, घ्या, मिळाला एकदाचा तुमचा मुलगा.

तिला हलव. एकदा तरी तिने त्याला सोडून यावं.

गोडलीव्ह

झ्वानेबेके, २ मार्च १९९७

प्रिय गोडलीव्ह,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग सायकल घेऊन नदीवर गेलो. पाऊस होता. आता पुन्हा खोकतोय.

तू म्हणशील तसं करीन. नोएलला अजून सांगितलेलं नाही, पण सांगीन. फक्त एक गोष्ट आधी लिहितो. आईने सांगितलं होतं की तुझ्यापाशी बोलायचं नाही, म्हणून आजवर बोललो नाही. पण आता आईला हलवायचं ठरलंय, तर ज्या दिवसामुळे ठरलंय तो दिवस तुला पुरा माहीत पाहिजे.

विल्फच्या आईला त्याच दिवशी यायला हवं होतं असं नव्हतं. त्यांनी, म्हणजे थॅकरेबाईंनी, पाद्रीबाबांना कळवलं होतं की कुठलाही दिवस चालेल, वसंतात कधीही. तुझ्या बोटीचा दिवस नक्की झाला, त्या रात्री आई पाद्रीबाबांकडे गेली. सोबत मी होतो. म्हणाली, "बाबा, त्या बाईंना कळवा की त्याच दिवशी या." पाद्रीबाबा म्हणाले, "सिडोनी, त्या दिवशी तर तुझी मुलगी जातेय." आई म्हणाली, "म्हणूनच. धक्क्यावर मी उभी राहिले तर तिला जाऊ देणार नाही. आणि घरी एकटी बसले तर मी वेडी होईन. जिचं मूल परत येणार नाही अशी एक बाई मला त्या दिवशी घरात हवी."

पाद्रीबाबा म्हणाले, "तुझी मुलगी मरत नाहीये, कॅनडाला जातेय." आई म्हणाली, "तुम्हाला मुलं नाहीत, तुम्ही फक्त पत्र लिहा."

वाटेत आई मला म्हणाली, "गोडलीव्हला सांगायचं नाही. मी तिला अडवलं नाही, हे तिने पुढे कधी माझ्यावर उलटवायला नको."

मी तुला सोडून संध्याकाळी घरी आलो तर त्या दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. घमेलंभर बटाटे सोलले होते, आम्ही आठवडाभर तेच खाल्ले. मधेच आई काही बोलायची, थॅकरेबाई मान हलवायच्या. मग त्या काही बोलायच्या, आई मान हलवायची. मी म्हटलं, "आई, बोट सुटली." आईने थॅकरेबाईंकडे बघितलं आणि हाताने असं दाखवलं, लांब, लांब. त्या बाईंनी सुरी खाली ठेवली आणि आईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी बाहेर सशांना गवत घालायला गेलो. तुला माहीत आहे, मला असं बघवत नाही.

त्यानंतर आई विल्फकडे जास्तच जायला लागली. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, "मी इथे कुणाच्या तरी मुलाकडे बघते. तिकडे कुणीतरी माझ्या मुलीकडे बघत असेल." तिचा तो हिशेब होता. तिला तिथे जागा हवी होती ती या हिशेबापायी.

आता तू सांग. हलव म्हणशील तर हलवीन, खरंच. रोजेरला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय, मी फक्त गवत कापतो." आणि मग बराच वेळ कापत नव्हता.

अशिल

ऑन्टारिओ, २४ मार्च १९९७

प्रिय अशिल,

पत्रपेटी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. तुझं पत्र मी तिथेच, गाडीत बसून उघडलं. मुलगा शोधत आला, तेव्हा काचा बर्फाने झाकल्या होत्या. त्याला वाटलं, तू गेलास. मी म्हटलं, नाही रे, तो कुठला जातोय.

तिला तिथेच राहू दे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला होता. मौरिट्स दिवसभर शेतावर. शेजारच्या शेतावरची एक हंगेरियन बाई रोज येऊन चूल पेटवून जायची. माझ्याशी काही बोलायची नाही, नुसती बसायची. मी तिचं नाव कधी आईला लिहिलं नाही. आईला मी काहीच लिहिलं नाही, अशिल. पंधरा वर्षं "मी बरी आहे, पीक बरं आहे, मुलं बरी आहेत." तुझ्यावर हसले, पण हे मी तुझ्या आधीपासून करते. तिला काही लिहायचं राहून गेलं त्याचा राग मी त्या पोरावर काढला, दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

नोएलला सांग, गवत. नाव गेलं तर जाऊ दे. पण मला तिचं इथे काहीतरी हवं. दगड नको, तो बोटीत कोण घालणार. काहीही दे. तुला सुचेल ते.

गोडलीव्ह

झ्वानेबेके, १५ जून १९९७

प्रिय गोडलीव्ह,

काम झालं. तुला लगेच लिहिणार होतो, पण आधी बघून घेऊ म्हटलं, गवत उगवतं की नाही. मला काळजी होती की पक्षी बी खातील. रोज सकाळी जाऊन टाळ्या वाजवत होतो. इव्होनबाई म्हणाल्या, "अशिल, लोकांना वाटेल तुम्हाला भूतं दिसतात." मी म्हटलं, "कावळे दिसतात, बाई." आता उगवलंय. कोवळं आहे, जरा जास्त हिरवं, तेवढ्यावरून जागा ओळखू येते. उन्हाळ्याअखेर तेही कळणार नाही. रोजेर परवा यंत्र घेऊन आला. पोरांच्या रांगेच्या टोकाला पोहोचला की वळायचा, ती सवय. या वेळी वळला नाही, तसाच पुढे आईवरून भिंतीपर्यंत गेला, एकाच पट्ट्यात. मी म्हटलं, "तुझ्या सरकारने हे सांगितलं का?" तर म्हणाला, "तुम्ही सरकारला सांगणार आहात का?" मी त्याला घरी नेऊन बिअर पाजली. त्याला माझी कात्री दिली नाही, पण दाखवली.

दगड काढताना मी उभा होतो. नोएल स्वतः आला होता, टोपी काढून. दोन माणसं होती, तिकडची, गेंटजवळची. जपून काढला त्यांनी. शेजाऱ्याने ट्रॅक्टरवरून घरी आणून दिला, आता सशांच्या खुराड्याला टेकवून ठेवलाय. ससे घाबरत नाहीत.

दगडावर तिचा तो चिनीमातीचा फोटो होता, अंड्याच्या आकाराचा. तू तो बघितला आहेस, पण लांबून, आणि तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. कामगाराने छिन्नीने अलगद सोडवून माझ्या हातात दिला. घरी आणून मी तो धुतला, खिडकीत ठेवला, आणि चष्मा लावून बघितला. तीस वर्षं मी त्याच्यावरचं शेवाळ पुसत होतो, पण कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं.

तुला आठवतो का तो फोटो? तू निघण्याच्या आदल्या रविवारी आपण तिघांनी कोर्त्राइकला जाऊन काढला होता. आई मधे खुर्चीवर, आपण दोघं मागे. तिला पुरलं तेव्हा मी तो फोटो कारागिराला दिला आणि फक्त आईला ठेवा म्हटलं. त्याने मला कापलं, तुला कापलं. पण तुझा हात आईच्या खांद्यावर होता, आणि तो त्याला कापता आला नाही, नाहीतर आईचा खांदा गेला असता. म्हणून बोटं राहिली आहेत. चार बोटं, अगदी कडेला, काळ्या शालीवर. अंगठा मागे असणार. एका बोटावर ती पितळी अंगठीसुद्धा दिसते, जत्रेत घेतलेली.

तेव्हा ती तिथे पडून होती इतकी वर्षं, विल्फच्या शेजारी, तुझा हात खांद्यावर घेऊन. मला माहीत नव्हतं. सांगितलं असतं, माहीत असतं तर.

हा फोटो तुझा. पण पोस्टाने पाठवायला मला भीती वाटते. कापूस घालू की भुसा, कळत नाही. पोस्टातली बाई म्हणते पोहोचेल, पण ती सगळ्यांनाच तसं म्हणते. मुलगा तुला आणू शकेल का? तुझे गुडघे विमानात बसू शकतात का? खालची खोली मी रंगवून ठेवलीय, जिना चढायला नको. आई खिडकीतून माझ्याकडे बघते, मी जेवताना जरा नीट बसतो. तिने कधी समुद्र बघितला नाही, तेव्हा जायचं तर तिने तुझ्याबरोबरच जावं, असं मला वाटतं.

येतेस की पाठवू? फार दिवस लावू नकोस, गोडलीव्ह, मला वाट बघणं आता जमत नाही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर कळव.

तुझा भाऊ,
अशिल